सापाच्या नावाची सहा झाडं

आमच्या घरामागच्या अंगणात सापाच्या नावाची सहा झाडं आहेत. सहाही माझ्या बायकोनं लावलेली. सातवं, म्हणजे खरं तर पहिलं, माझ्या आईचं होतं. ते मी मारलं. मारलं, चौदा वर्षं गप्प बसलो, आणि त्याचा आळ बायकोवर राहू दिला. घरात हे कळून अजून महिना झालेला नाही. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, म्हणून लिहितो आहे. सासरचे लोक मला 'शांत माणूस' म्हणतात, कौतुकानं म्हणतात. त्या शांतपणाचा मला किती उपयोग झाला ते त्यांना माहीत नाही.

आई रामटेककडची. तिच्या माहेरी पानमळा होता. लग्न होऊन ती रायपूरला आली, वडिलांची नोकरी रेल्वेत होती, आणि पुढे शंकर नगरात हे छोटं घर झालं तेव्हा तिनं माहेराहून एकच गोष्ट मागून आणली. नागवेलीच्या दोन काड्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी शेवग्याच्या बुंध्याशी तिनं त्या लावल्या. एक गेली, एक लागली. रायपूरच्या वैशाखात पानवेल जगवणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. आई चारी बाजूंनी ओलं पोतं बांधायची, दुपारी उठून त्याच्यावर पाणी शिंपडायची. पान खुडताना ती वेलीकडे बघायचीसुद्धा नाही. बोटांनी चाचपायची आणि नेमकं पिकलेलं पान हातात यायचं. लहानपणी मला वाटायचं, पानच तिच्या हातात येऊन पडतं.

वेलीचे नियम कडक होते. पानमळ्यात नाग राहतो, वेल त्याची, म्हणून आंघोळ केल्याशिवाय जवळ जायचं नाही. चपला घालून जायचं नाही. बाईनं 'त्या' चार दिवसांत तिकडे फिरकायचं नाही, वेल सुकते. आणि वेलीच्या पाण्याची बादली वेगळी. निळ्या प्लॅस्टिकची, मागच्या दाराआड खुंटीला टांगलेली. त्या बादलीत कधी कोणी भांडं विसळलं नाही की पाय धुतले नाहीत. मी स्वतः मुलगा असूनही तिला हात लावताना आधी आईकडे बघायचो.

माझी बायको रायपूरचीच. तिच्या घरचे लोक इथे कित्येक पिढ्यांचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि बाजारात छत्तीसगढी, अशा तिन्ही भाषा ती एकाच वाक्यात वापरते. लग्नानंतर तिनं आईचे सगळे नियम पाळले, हसत पाळले. "तुमच्या आईंची वेल माझ्यापेक्षा सोवळी आहे," असं म्हणायची. आईही ऐकायची आणि हसायची. वाईट कोणीच नव्हतं घरात. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं वाचून आईबद्दल कोणाचा गैरसमज होऊ नये.

मी रायपूरजवळच्या उरला गावी एका रोलिंग मिलच्या ऑफिसात आहे. ऑफिसात असलो तरी दिवसातून चार चकरा शेडमध्ये होतात, आणि घरी येताना अंगावर, कपड्यांवर तिथली काळी-तांबडी धूळ येते. ती बाथरूमच्या फरशीत मुरून फरशी गंजासारखी झाली होती. बायको दर रविवारी घासून दमायची. "तुमच्या मिलचं लोखंड माझ्या बाथरूममध्ये वितळून राहिलंय," म्हणायची. एका रविवारी तिचा भाऊ जेवायला यायचा होता. आई देवळात गेली होती, बायको मुलीला घेऊन भाजी आणायला. मला वाटलं, आपण काहीतरी करावं. कोपऱ्यावरच्या दुकानातून ॲसिडची बाटली आणली. बाथरूमच्या बादलीत कपडे भिजवलेले होते. मागच्या दाराआड निळी बादली रिकामी दिसली.

तीच घेतली. पाच मिनिटांचं काम, धुऊन परत टांगू, असा विचार. फरशी खरंच उजळली, खूश झालो. अर्धी बादली पाणी उरलं होतं, त्यात उरलेली बाटलीही मी मघाशीच ओतली होती. तेवढ्यात फाटक वाजलं आणि आईच्या चपलांचा आवाज आला. तिची बादली बाथरूममध्ये नेली हे तिला कळलं तर दिवसभर ऐकावं लागेल, एवढीच भीती. मी पळत मागच्या दारी गेलो, समोर जी माती दिसली तिच्यात बादली पालथी केली, नळाखाली धरली, खुंटीला टांगली. आई आत आली तेव्हा मी पेपर वाचत होतो.

ती माती वेलीच्या बुडाची होती. ओतताना मला दिसली नाही असं आजवर मी स्वतःला सांगत आलो. दिसली होती. 'पाणीच तर आहे, काय होतं,' असं वाटलं होतं.

आठवड्यात खालची पानं काळी पडली. मग वरची. आई रोज सकाळी तिथं जाऊन उभी राहायची. दहाव्या दिवशी तिनं वेलीचं खोड हातात धरलं तर ते बोटांत मऊ लागलं. ती ओट्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "मागच्या हप्त्यात पाऊस आला होता ना. तवा दोरीवरचे कपडे कोन काढले?"

कपडे बायकोनं काढले होते. तिचे ते दिवस होते, आणि दोरी वेलीवरूनच जाते. पाऊस एकदम आला, आईच्या दोन साड्या आणि माझे ऑफिसचे शर्ट भिजत होते, ती धावली. बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "मी काढले, आई."

"मंग?" आई म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी नाही, रागसुद्धा नाही. डोळे पुसले आणि आत गेली.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होतो. तिला माझ्यावर संशय नव्हता, यायचं कारणच नव्हतं. तिला फक्त एवढंच हवं होतं की मी म्हणावं, 'असं काही नसतं.' शिकलेला नवरा आहे, तीन शब्द म्हणेल. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "शर्ट इस्त्रीला द्यायचे आहेत का?"

त्यानंतर तिनं त्या जागेला कधी हात लावला नाही. आईनंही दुसरी वेल आणली नाही. माहेरचा पानमळा तोवर मोडला होता.

चार-पाच महिन्यांनी बायकोनं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी, एक कुंडी आणून ठेवली. नागदौन. रायपुरात पुष्कळ घरी असतं. जाड हिरवी काडी, दर इंचाला वळण घेत वर जाणारी, जणू कोणी चालता साप उभा करून ठेवलाय. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "नागाचंच आहे. बघू या."

मग एकामागून एक सुरू झालं. नर्सरीतून स्नेक प्लांट आलं, पट्ट्यापट्ट्यांच्या उभ्या तलवारींचं. नर्सरीवाला तिला म्हणाला होता, "दीदी, इसको सास की जुबान भी बोलते हैं." ती म्हणाली, "तो भैया, दो दे दो." ही गोष्ट तिनं घरी येऊन आईलाच सांगितली, आणि आई तोंडावर पदर धरून हसली. नागफणी एका पडक्या कुंपणावरून तोडून आणली, हातातले काटे काढायला आठ दिवस गेले, पण दोन वर्षांनी तिला जी पिवळी फुलं आली ती बघायला शेजारच्या बायका आल्या. अभनपुरकडून भाजी घेऊन येणारी एक बाई होती, तिनं सर्पगंधाचं रोप दिलं. "ले जा दीदी, एला लगाबे त घर मं सांप नइ आवय," म्हणाली. बायको म्हणाली, "आने दे ना, सबका नाम तो उसी का है." ती बाई इतकी हसली की तिनं वर मूठभर कोथिंबीर टाकली.

मी कामावरून यायचो तेव्हा ती त्या कोपऱ्यात बसलेली असायची. सर्पगंधाची फुलं मी तिच्यामुळे नीट पाहिली. पांढरी, आणि देठ असे लाल की कोणी कुंकवात बुडवून काढलेत. मग फळं, आधी हिरवी, मग लाल, मग जांभळी-काळी. हातातली माती झटकून ती एकेकाबद्दल सांगायची आणि मी ऐकायचो. तिच्याइतकं कौतुक मला दुसऱ्या कोणाचं वाटलं नाही कधी. जिला सांगितलं की तुझ्या सावलीनं नागाची वेल मेली, तिनं नागाच्या नावाचं जे जे मिळेल ते ते आणून जगवावं! मला वाटायचं, हे तिचं उत्तर आहे. आईला, आणि माझ्या त्या चहाच्या कपालाही. आणि वाटायचं, ती उत्तर देऊन मोकळी झाली, आता आपण बोलायची गरज नाही. असा सोयीचा विचार मी करत आलो.

एकदाच जरा खटकलं होतं. त्याच भाजीवालीनं पावसाळ्याच्या तोंडाशी एक कंद आणून दिला. तिच्या माहेरच्या जंगलातला, तिकडे सापकांदा म्हणतात. काही दिवसांत जमिनीतून ठिपक्याठिपक्यांचा दांडा वर आला, अगदी सापाच्या कातडीसारखा, आणि त्यावर फणा. खरोखर फणा, हिरवा, पुढे झुकलेला, आणि त्यातून शेपटीसारखी लांब काडी बाहेर निघालेली. मुलगी तेव्हा शाळेत होती, तिनं सगळ्या मैत्रिणींना आणून दाखवला. पण पाऊस संपला आणि तो पिवळा पडला, लोळला, नाहीसा झाला. त्या दिवशी बायको जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, "एका झाडासाठी काय एवढं." ती म्हणाली, "तुम्हाले नाही कळणार," आणि दिवा बंद केला.

पुढच्या आषाढात तो आपणहून पुन्हा उगवला. असे कंद तसेच असतात, झोपतात आणि उठतात, पण आम्हाला कुठे माहीत. तिनं मला ओरडून बोलावलं. मी गेलो तेव्हा ती मातीत बसून त्या बोटभर कोंबाकडे बघत होती. गॅसवर भात करपला, सगळ्या घरात वास झाला, तरी ती उठली नाही. मला वाटलं, काय हौस आहे हिची!

शेवटचं झाड नागचाफ्याचं. सगळ्यात हळू वाढणारं. अजून फूल नाही, पण नवी पालवी फुटते तेव्हा पूर्ण झाड लालबुंद होतं आणि ती मला सकाळचा चहा तिथं आणून देते.

गेल्या महिन्यात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, मुलगी ऑफिसातून येताना नागवेलीचं रोप घेऊन आली. ती आता नोकरी करते. आईची ती लाडकी. आईचं म्हणणं मराठीत असतं आणि तिचं उत्तर हिंदीत, दोघींचं छान जमतं. रोप आईनं जवळ घेतलं. तिनं पान चाचपलं, हुंगलं.

"आपलं नाही हे. पण चांगलं आहे," ती म्हणाली. "आजच लावा. उद्या माती खनता येत नाही."

आमच्याकडे नागपंचमीला खणत नाहीत, चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. मुलगी लगेच खुरपं घेऊन निघाली. आईनं तिला थांबवलं.

"तू नको, बाई. सकाळी पोट दुखते म्हणत होती ना? चार दिवस दूर राह्य."

"आजी, प्लीज. कुछ नहीं होता उससे."

"कसं नाही होत? तुझ्या आईले विचार. माझ्या माहेरची वेल गेली तिच्यानं." हे आईनं काही टोचून म्हटलं नाही. पंख्याचा स्विच कुठला ते सांगावं तसं सांगितलं.

मुलगी हसली. "मम्मी? मम्मी ने तो पूरा जंगल लगाया है." आणि हसत तिनं आईकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, पाहिलं.

मला वाटलं, आता ही बोलेल. सहा झाडं मागे उभी आहेत, एक एक दाखवेल. बायकोनं मुलीच्या हातातून खुरपं काढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ऐक आजीचं. उगाच कशाले."

"तूच लाव रे," आई मला म्हणाली. "तुझा हात चालते. आंघोळ केली ना?"

खुरपं माझ्यापुढे आलं. बायको ते धरून उभी होती, माझ्याकडे न बघता. मी ते घेऊ शकलो नाही.

"आई," मी म्हणालो, "ती वेल मी मारली होती."

"काय म्हनते हा?" आईनं मुलीला विचारलं.

"ॲसिडनं मेली ती. बाथरूम घासून उरलेलं पाणी मी तिच्या बुडाशी ओतलं. हिचा काही संबंध नाही. कधीच नव्हता."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिची ऐकण्याची मशीन कानातच होती, तिला नीट ऐकू आलं होतं. मग तिनं विचारलं, "कोनत्या बादलीनं?"

"निळ्या."

"माह्या बादलीनं? संडास-बाथरूमले?" तिचा आवाज फाटला. "अरे पोट्ट्या! सोवळ्याची बादली ती!"

मुलीला हसू आवरेना. ती तोंड दाबून भिंतीला टेकली. मलाही क्षणभर वाटलं, चला, हसण्यावर गेलं. मग बघतो तर बायको तिथं नव्हती.

ती मागे नागचाफ्यापाशी होती. मी जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती, पण मला ते शब्द येत नाहीत, सवय नाही. तीच बोलली.

"तुम्हाले काय वाटत होतं, ही झाडं मी काहून लावली?"

मी म्हणालो, "आईला दाखवायला."

"नाही." ती नागदौनच्या काडीवरची धूळ बोटानं पुसत होती. "मी त्या चार दिवसांतच लावलं एकेक. मुद्दाम. अन् मंग रोज येऊन पाहायची, मरते का म्हणून. माझ्या हातात खरंच काही आहे का, ते पाहून राहिली होती मी. तो कांदा गेला तेव्हा मले पटलं होतं की आहे."

मला करपलेल्या भाताचा वास आठवला.

"सहा झाडं जगली," ती म्हणाली. "तरी दर वेळी वाटायचं, ही मजबूत जात असेल. वेल नाजूक होती. आता तर ते दिवसही राहिले नाहीत माझे. तुम्ही तवाच एक शब्द बोलले असते..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. माझ्याकडे बोलण्यासारखं चौदा वर्षांपूर्वी होतं.

ज्याला मी इतकी वर्षं तिची हिंमत समजून मान देत आलो, ती तिची भीती होती. भीती वाटत असूनही तिनं सहा वेळा मातीत हात घातला, आणि दर वेळी सकाळी उठून निकाल बघायला गेली. माझ्याच्यानं ते एकदाही झालं नव्हतं. त्या संध्याकाळपासून तिच्याबद्दलचा माझा आदर कमी झाला नाही. त्याची जात बदलली, आणि तो वाढला.

अंधार पडत आला होता. तिनं डोळे पुसले, घराकडे तोंड केलं आणि मोठ्यानं हाक मारली, "ए पोरी! ये, तू लाव वेल. आजच लावायची आहे."

मुलगी रोप घेऊन आली. दोघींनी शेवग्याच्या दुसऱ्या अंगाला खड्डा केला, जुनी माती नको म्हणून. आई दारात येऊन बसली. मला वाटलं, ती अडवेल. ती त्या दोघींच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "अवं, एवढी वर नको. दोन गाठी मातीत जाऊ दे. अन् दाबू नको जोरात, मूळ घाबरते."

"ऐसे, आजी?"

"हो. तसं."

बायकोनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "पाणी आणा तुम्ही. बादली धुऊन."

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. पूजा दरवर्षी आई करते. या वेळी तिनं लाह्यांचं आणि दुधाचं ताट बायकोच्या हातात दिलं. "माझे गुडघे दुखून राहिले," म्हणाली. "तूच कर. त्या नव्या वेलीलेही हळद लाव." तिचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात. बायको ताट घेऊन गेली.

वेलीला पाणी घालायचं काम आता माझं आहे. ते मला कोणी दिलं नाही, मीच धरून बसलो आहे. निळी बादली केव्हाच फुटली, आता हिरवी आहे. रोज सकाळी उरल्याला निघण्याआधी मी ती भरतो आणि शेवग्यापाशी नेतो. बायको तिथं आधीच उभी असते. ती वाकते, बादलीत नाक घालते, पाणी हुंगते. मग बाजूला होते आणि मी ओततो. वेलीला तीन नवी पानं आली आहेत. हुंगणं अजून थांबलेलं नाही.